श्रावणात सोडलेली दारू

आमच्या मस्तगड भागात श्रावण लागला हे कळायला कॅलेंडर बघावं लागत नाही. गटारीच्या संध्याकाळी वाईन शॉपसमोर जी माणसं एकमेकांना ढकलत असतात, तीच दुसऱ्या दिवशी सकाळी महादेवाच्या देवळात बेलाची पानं घेऊन शहाण्यासारखी उभी असतात. वर्षभर पिणारा माणूसही या महिन्यात बाटलीला शिवत नाही. याला आमच्याकडे श्रावण धरणं म्हणतात. पोळा झाला की श्रावण सुटतो आणि सगळे पुन्हा आपापल्या वाटेला लागतात. घरच्या बायकांना तेवढाच एक महिना सुखाचा. मी तर सासूबाईंना म्हणायचे, देवानं अकरा महिने श्रावण ठेवून बाकीचं सगळं एका महिन्यात उरकलं असतं तर त्याचं काय बिघडलं असतं?

माझा नवरा इथल्याच एका रोलिंग मिलमध्ये फिटर आहे. घरात मी त्याला अहो म्हणते, पण लिहिताना नवराच म्हणणार. दारूची गोष्ट सांगायची आणि वर अहो-जाहो करायचं, हे मला जमत नाही. तो प्यायचा, पण कधी गटारात पडला नाही की माझ्यावर हात उचलला नाही. मिलमधली पाळी चुकवली नाही. येताना आठवणीनं भाजी आणायचा. त्यामुळे त्याच्या पिण्याला व्यसन म्हणायला कुणी तयार नव्हतं. 'भट्टीजवळचं काम हाय, अंग दुखतं, घेतो थोडी,' असं सासूबाई पाहुण्यांना सांगायच्या. दवा आणि दारू हे शब्द आपल्याकडे जोडीनंच येतात, त्याचा त्यांना चांगला उपयोग व्हायचा.

ती 'थोडी' मी वाढताना पाहिली. आधी पाळी सुटल्यावर. मग जेवायच्या आधी आणि जेवल्यावर. मग सुट्टीच्या दिवशी दुपारी. ज्या वर्षाची ही गोष्ट आहे, त्या उन्हाळ्यापासून तर तो सकाळी तोंड धुवायच्या आधीच मोरीत जाऊन घोटभर घ्यायला लागला होता. त्याशिवाय त्याला शर्टाची बटणं लावता यायची नाहीत. मी शिवणकाम करते, समोरच्या खोलीत माझं ब्लाऊजचं दुकान आहे. हात कसा चालतो हे माझ्या लगेच नजरेत भरतं. मी बोलले की तो म्हणायचा, 'श्रावण येऊन राह्यला ना, सोडतो की. दरसाल सोडतो का न्हाई?'

ते खरंच होतं. दरसाल सोडायचा. दोन दिवस चिडचिड करायचा, मग ठीक व्हायचा. त्यामुळे याही वर्षी त्यानं बेल वाहून श्रावण धरला, तेव्हा मला आनंदच झाला. मी साबुदाणा भिजवला. सासूबाईंनी लेकाची दृष्ट काढली. लेकीला पुण्याला फोन करून सांगितलं, बाबांनी धरला बरं का.

पहिल्या दिवशी त्याला दरदरून घाम सुटला. जेवण गेलं नाही, झोप आली नाही. दुसऱ्या दिवशी हात इतके थरथरायला लागले की चहाचा कप दोन्ही हातांनी धरूनही अर्धा चहा बनियनवर. आम्ही घाबरलो असतो तर बरं झालं असतं. पण आमच्या गल्लीत याचा अर्थ ठरलेला आहे. सासूबाई म्हणाल्या, 'अंगातली घाण निघून राह्यली. निघू दे. जितकं थरथरल तितकं चांगलं.' शेजारणीही येऊन तेच म्हणाल्या. एकीनं तर तिच्या नवऱ्याला बोलावून दाखवलं, बघा, असा धरतेत श्रावण!

तो पाळीला आला नाही म्हणून त्या दुपारी मिलमधला त्याचा दोस्त आला. दोघं एकाच पाळीत, वीस वर्षांचा घरोबा. त्यानं नवऱ्याची ती दशा पाहिली आणि त्याला वाईट वाटलं. खिशातून कागदाची पुडी काढून म्हणाला, 'वहिनी, याला झोप पाहिजे. हे ओढू द्या, आराम पडल.'

'काय हाय ते?' मी विचारलं.

'गांजा हाय. पण दारू थोडीच हाय? शंकराची बूटी. श्रावणात बराबर चालती.'

मी तोंड उघडणार, इतक्यात सासूबाईंनी त्या पुडीला हात जोडले. शंकराची म्हटल्यावर त्यांच्यासमोर बोलायची सोयच उरली नाही. वर, 'सोमवारच हाय आज,' असंही म्हणाल्या. मी पाय आपटत आत गेले आणि शिवणयंत्रावर राग काढला. त्या दिवशी शिवलेल्या बाह्या मला सगळ्या उसवाव्या लागल्या.

गच्चीवर दोस्तानं चिलीम भरून दिली, ती त्यानं ओढली. थोडा वेळ बरं वाटलं असावं, कारण खाली येऊन तो हसला आणि भगरीचे दोन घास खाल्ले. मग एकाएकी छातीवर हात ठेवून म्हणाला, 'लई धडधड होऊन राह्यली.' डोळे लालभडक. दाराकडे बघत मला विचारलं, 'बाहेर कोण उभं हाय?' बाहेर कुणी नव्हतं. मी दार उघडून दाखवलं तरी त्याचा विश्वास बसेना. दोस्त म्हणाला, चढली असेल, झोपला की उतरेल, आणि निघून गेला. त्या आठवड्यात त्यांची रात्रपाळी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी नवरा भिंतीवरच्या मुंग्या वेचत होता. भिंत स्वच्छ होती, महिन्याभरापूर्वीच रंग दिलेला. तो एकेक मुंगी चिमटीत धरून डब्यात टाकत होता. मी हाक मारली तर माझ्याकडे बघून ओरडला, 'मशीन बंद कर! माणूस अडकलाय!' त्याला घर मिल वाटत होतं. अंग तव्यासारखं तापलेलं. सासूबाईंना वाटलं, महादेवच अंगात आला. त्यांनी ताटात कापूर पेटवला, त्याच्यापुढे धरला आणि पदर पसरून विचारलं, 'कोण आलंय? नाव सांगा.'

नवरा म्हणाला, 'सेकंड शिफ्ट.'

आज हे आठवलं की मला हसू येतं. हसू येतं, कारण माणूस आज घरात आहे. त्या वेळी मी ते ताट सासूबाईंच्या हातातून ओढलं आणि मोरीत टाकलं. तेवढ्यात त्याला झटका आला. डोळे फिरले, दात घट्ट बसले, पाय फरशीवर आपटायला लागले. तो दोस्त पाळी संपवून चौकशीला दारात आलाच होता. त्यानं त्याला खांद्यावर टाकलं, गल्लीच्या तोंडाशी रिक्षा थांबवली आणि आम्ही सरकारी दवाखाना गाठला. माझ्या एका पायात माझी चप्पल आणि दुसऱ्यात सासूबाईंची होती, हे मला वॉर्डात गेल्यावर कळलं.

तिथली डॉक्टर म्हणजे माझ्या लेकीच्या वयाची पोरगी. तिनं त्याला कुशीवर वळवून घेतलं, सुई लावली, नाडी बघितली आणि आम्हाला विचारलं, 'दारू घेतेत का हे?'

'न्हाई,' सासूबाई म्हणाल्या. 'बिलकुल न्हाई.'

'न्हाई घेत,' मीही म्हणाले. मी खोटं बोलत नव्हते. दोन दिवस झाले, त्यानं घेतली नव्हती. इतक्या वर्षांत पहिल्यांदा या प्रश्नाला ताठ मानेनं उत्तर देता येत होतं, तर मी ते दिलं.

पोरीनं माझ्याकडे बघितलं. मग सासूबाईंच्या पदराला चिकटलेल्या बेलाच्या पानाकडे बघितलं. आणि तिनं दुसरा प्रश्न विचारला. 'काकू, श्रावण धरलाय का यांनी?'

'हो, धरलाय ना,' मी म्हणाले.

'धरायच्या आधी रोज किती प्यायचे? सकाळी पण लागायची का? खरं सांगा. मी कुणाला सांगणार न्हाई, पण मला माहीत पाहिजे.'

तिचं बोलणं आमच्याच बाजूचं होतं, अंबडकडचं असावं. कुणी शहरी साहेबानं विचारलं असतं तर कदाचित मी अजून दोन वेळा न्हाई म्हणाले असते. तिला मी सगळं सांगितलं, मोरीतला घोटसुद्धा. ती मान हलवत म्हणाली, 'श्रावण लागला की आमच्याकडं असे पेशंट येतेतच. घरचे सांगतेत, पीत न्हाई. आन् आम्ही भलतंच शोधत बसतो.' मग विचारलं, 'दुसरं काही दिलं का?'

'प्रसाद दिलता,' सासूबाई म्हणाल्या.

'कशाचा प्रसाद?'

त्यांनी दोन बोटं ओठाला लावून दाखवली. मी कपाळावर हात मारला. पोरगी मात्र हसली नाही. 'आजी, त्यांचं काळीज आधीच पळत होतं. त्यात गांजानं अजून पळवलं. डोकं आधीच भरकटलं होतं, ते अजून भरकटलं. आन् तुम्हाला वाटलं, आराम पडला.'

इंजेक्शनं चालू झाल्यावर तिनं मला बाजूला घेऊन समजावलं. रोज दारू पिणाऱ्याच्या मेंदूला दाबाखाली काम करायची सवय लागते. दारू एका दिवसात तोडली की तो दाब एकदम निघतो, वाफ न काढता कुकरचं झाकण उघडावं तसा. मग घाम, थरथर, भास, झटके. कधीकधी माणूस यातच जातो. आम्ही ज्याला घाण निघणं म्हणत होतो, ते हे होतं.

मला राग आला. तिचा नाही, सगळ्याचाच. 'म्हंजे सोडली म्हणून हे झालं? मंग काय पिऊ द्यायला पाहिजे होतं?'

'सोडायचीच,' ती म्हणाली. 'पण इतकी पिणाऱ्यानं घरात बसून एकदम न्हाई सोडायची. आधी आमच्याकडं यायचं. औषध देऊन, लक्ष ठेवून सुटती ती. मागल्या सालापर्यंत कमी होती, म्हणून निभावलं असंल. आता थांबा, हे दोन-तीन दिवस अवघड हायत.'

ते दिवस मी विसरणार नाही. तो सुया उपटायचा म्हणून त्याचे हात कापडी पट्टीनं पलंगाला बांधले होते. मधूनच मिलमधल्या लोकांना हाका मारायचा. मला ओळखत नव्हता, सिस्टर म्हणायचा. सासूबाई त्याच्या पायाशी बसून होत्या. मी एकदा त्यांना फटकन बोलले, काढा आता दृष्ट, आणि लगेच त्यांना जवळ घेतलं. त्यांचा एकच मुलगा आहे. माझा एकच नवरा आहे. भांडून आम्ही कुठे जाणार होतो?

माणसं मात्र चांगली भेटली. शेजारच्या पलंगावर टेंभुर्णीचे एक म्हातारे होते, त्यांचा दमा बळावला होता. त्यांची सून मला न विचारता भाकरी आणि ठेचा पुढे सरकवायची. वॉर्डातल्या मावशींनी मला जुळणारी चप्पल आणून दिली आणि वर दटावलं, अशी रडत बसू नका, त्यांना ऐकू जातं. ती डॉक्टर ड्यूटी संपली तरी जाताना एक चक्कर टाकायची. मी देवाला हात जोडते, पण त्या दिवसांत कुणाकुणाला जोडायचे राहिले, याचीच मला अजून रुखरुख आहे.

मग एका सकाळी मी त्याचं तोंड ओल्या फडक्यानं पुसत होते. त्यानं डोळे उघडले, माझ्याकडे बराच वेळ बघितलं आणि कपाळाला आठ्या घालून म्हणाला, 'चष्मा कुठं हाय तुझा? बिना चष्म्याची कशाला फिरून राह्यली?'

घाईत तो घरीच राहिला होता. माझ्यासुद्धा ते लक्षात नव्हतं. लग्नापासून नवऱ्यानं मला गोड असं फार काही म्हटलेलं नाही, पण त्या दटावणीइतकं गोड मी काही ऐकलेलं नाही. मी तिथेच पलंगाच्या दांडीला धरून रडले. या वेळी मावशींनी मला रडू दिलं.

घरी सोडायच्या आधी डॉक्टरनं सोनोग्राफीचा कागद समोर धरून त्याला समजावलं. लिव्हर सुजलंय, त्याच्यावर चरबी चढलीय. अजून ते निबर झालेलं नाही, दारू पूर्ण थांबली तर सुधारायला वाव आहे. पुन्हा सुरू केली तर नाही. जीवनसत्त्वाच्या गोळ्या, झोपेचं औषध थोडे दिवस, आणि दर आठवड्याला येऊन भेटायचं.

'पाळतो,' नवरा म्हणाला. 'महिनाभर एकदम कडक पाळतो.'

'महिना न्हाई काका. कायमची.'

तो विचारात पडला. मग अगदी बारीक आवाजात म्हणाला, 'पोळ्याला पण न्हाई?'

आम्ही सगळे हसलो. सिस्टरही हसली. डॉक्टर हसू आवरून म्हणाली, 'पोळ्याला तर न्हाईच न्हाई. इतके दिवस बंद ठेवून त्या दिवशी लोक भरपाई करतेत.'

सासूबाईंच्या मनात दुसरंच घोळत होतं. 'मंग ते शंकराचं? ते तर चालंल?'

'तेबी न्हाई आजी. त्यानं काळीज धडधडतं, भास होतेत, छाती खराब होती. आन् एक नशा सोडायला दुसरी धरली तर सुटलं काय?'

'पण शंकर तर...'

'शंकरानं जहर पचवलं आजी. तुमच्या लेकाचं लिव्हर शंकराचं न्हाई.'

सासूबाईंना हे पटलं. त्या आजही गल्लीत ज्याच्या त्याच्या लेकाबद्दल हेच सांगत फिरतात, आणि डॉक्टरचं नाव न घेता सांगतात, जणू त्यांनाच सुचलं. श्रावण धरणाऱ्यांच्या बायकांनाही त्या आधी विचारतात, सकाळी लागती का गं त्याला? लागत असली तर आधी दवाखान्यात ने. दोघींनी तरी ऐकलं, हे मला माहीत आहे.

आम्ही घरी आलो. श्रावणाचे उरलेले दिवस सोपे गेले, कारण गल्लीत कुणीच पीत नव्हतं. घरात वासही नव्हता. नवऱ्याचे हात हळूहळू ठिकाणावर आले, त्याला भूक लागायला लागली. पण मी कॅलेंडरवरचे दिवस मोजत होते. पोळा जवळ येत होता. श्रावणात न पिणं म्हणजे सगळ्यांबरोबर उपास करणं. खरं न पिणं श्रावण सुटल्यावर सुरू होणार होतं, आणि ते त्याला एकट्याला करायचं होतं.

पोळा झाला. मातीचे बैल पुजले, पुरणपोळी झाली. दुसऱ्या दिवशी कर. आमच्याकडे करीला घरोघरी मटण असतं. सकाळपासून गल्लीत मसाल्याचा वास आणि माणसांचे मोठमोठे आवाज. मी दुकान उघडलं नव्हतं. दुपारी मिलमधले तिघं-चौघं दारात आले, तो दोस्तही त्यांच्यात होता, पण मागे, मान खाली घालून. पुढचा म्हणाला, 'चला फिटर, सुटला श्रावण! आता काय वहिनींच्या पदराखाली बसतो का?'

मी उठणार होते. मला शिव्या येतात, आणि त्या दिवशी सगळ्या जिभेवर होत्या. नवऱ्यानं हातानं मला थांबवलं. दारापर्यंत गेला, चौकटीला हात टेकून उभा राहिला आणि म्हणाला, 'तुमचा सुटला असंल. माझा न्हाई सुटला.'

'म्हंजे?'

'म्हंजे माझा चालू हाय अजून.'

ते थोडे हसले, थोडे चुळबुळले. दोस्तानं पुढे होऊन नवऱ्याच्या दंडावर हात ठेवला आणि बाकीच्यांना म्हणाला, 'चला रे, राहू द्या त्याला.' ते गेले. स्वयंपाकघरातून सासूबाईंनी सगळं ऐकलं होतं. त्या काळजीच्या आवाजात ओरडल्या, 'आरं, तुझा श्रावण चालू हाय तर मंग या मटनाचं काय करू?'

'मटन आण तू,' तो म्हणाला. 'मटनाचा सुटला.'

आम्ही जेवलो. सासूबाई झोपल्या. ऊन उतरलं, आणि त्याची प्यायला जायची वेळ झाली तसा तो खोलीत येरझाऱ्या घालायला लागला. मी तुरपाई घेऊन बसले होते. नजर सुईवर, कान त्याच्या पावलांवर. पावलं दारापाशी जाऊन थांबली. मला वाटलं, गेला.

तो परत आला आणि माझ्याजवळ जमिनीवर बसला. कपाळावर घाम होता. म्हणाला, 'आज लई वाटून राह्यलं गं. तू उठू नको इथून.'

मी उठले नाही. दिवे लागले तरी आम्ही तसेच बसून होतो. इतक्या वर्षांत प्यायला जाताना त्यानं मला एकदाही सांगितलं नव्हतं. न जाताना पहिल्यांदा सांगितलं.